जागेचा फासा

"भाला मानेतून आरपार गेला," मी म्हणाले. "टोक मागून बाहेर आलंय. शमशेर गुडघ्यांवर बसतो, दोन्ही हातांनी दांडा धरतो आणि तसाच एका कुशीवर कलंडतो."

रेहान पिंजारीने वाकून टेबलावरचा फासा पुन्हा पाहिला.

"मेला का, बाई?"

"मेला."

"हा तिसरा शमशेर आहे," तो म्हणाला. मग तेरा वर्षांच्या मुलाने चारचौघांत रडू नये म्हणून जे जे करता येतं ते त्याने केलं. चष्मा पुसला, नाक ओढलं, कूलरमध्ये पाणी आहे का ते उठून बघून आला.

याला आता चौदा वर्षं झाली. भुसावळचा मे महिना होता. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवून मी निवृत्त झाले होते आणि सुट्टीत आठवड्यातून तीन दिवस, सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी दुपारी, घरच्या पुढच्या खोलीत चार मुलांना हा खेळ खेळवत होते. माझा भाचा श्रीरंग हॉस्टेलवर असताना खेळायचा. त्याचं नियमांचं जाड इंग्रजी पुस्तक माझ्याकडे राहिलं आणि मी ते लाल पुठ्ठ्याच्या वहीत मराठीत उतरवलं. या खेळाला पट नसतो. प्रत्येक मूल एक माणूस कल्पून कागदावर लिहितं. समोर काय आहे ते मी सांगते, आपला माणूस काय करतो ते मूल सांगतं, आणि जमलं की फसलं ते फासा ठरवतो.

लाल वहीतले नियम फार कडक होते. वार लागला की दोन फासे टाकायचे. पहिला सांगायचा, किती लागलं. दुसऱ्याला दहा बाजू होत्या. तो सांगायचा, कुठे लागलं: डोकं, चेहरा, मान, छाती, पोट, पाठ, दंड, पंजा, मांडी, पाऊल. मुलं त्याला जागेचा फासा म्हणत. प्रत्येकाच्या कागदावर एक माणसाची आकृती छापलेली असे, एक पुढून, एक मागून. जिथे लागलं तिथे लाल पेन्सिलीने खूण करायची आणि शेजारी त्या दिवसाची तारीख घालायची, कारण जखम भरायला खरे आठवडे मोजावे लागत. मानेवर जोराचा वार बसला तर मोजायला काही उरत नसे. खेळ संपला की मी सगळ्यांचे कागद गोळा करून तपासायची, प्रत्येक खुणेशेजारी निळ्या पेनने टिक मारून खाली "तपासले" लिहून सही करायची आणि बिस्किटांच्या डब्यात ठेवून द्यायची. पुढच्या खेळाच्या आदल्या दिवशी ओजू येऊन चौघांचे कागद घेऊन जायची आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आणायची. तिनेच ते काम मागून घेतलं होतं.

ओजू म्हणजे ओजस्वी फेगडे, अकरा वर्षांची, सगळ्यांत लहान. तिची रानू तिरंदाज होती आणि कायम सगळ्यांच्या मागे उभी राहायची. तिचा भाऊ निषाद पंधराचा. त्याचा वज्रदंत कुऱ्हाड घेऊन सगळ्यांच्या पुढे. वडील रेल्वेत ड्रायव्हर, तीन-तीन दिवस गाडीवर. आई एका दवाखान्यात नर्स. निषाद मोठा कामाचा मुलगा. आल्याआल्या बादलीने माझा कूलर भरायचा, जाताना सतरंजी झटकून ठेवायचा. चौथी लीना बऱ्हाटे. तिची गंगी चोर होती आणि लीनाला स्वतःला त्याचा फार अभिमान होता.

त्या नियमांमुळे मुलं लढाईला घाबरायची. दार दिसलं की आधी कान लावायची. जमीन काठीने ठोकत जायची. एकदा पाच दरोडेखोरांशी लढायचं सोडून लीनाने त्यांच्या सरदाराला दीड तास बोलण्यात गुंतवलं आणि बाकीचे मागच्या भिंतीवरून पळाले. निषादसुद्धा हात आखडून असायचा. पण लढाई झाली की ती भयंकर व्हायची, आणि रेहानचा माणूस मरायचा.

तिसऱ्या शमशेरनंतर रेहानची आई घरी आली. पोरगं दोन दिवस नीट जेवलं नाही म्हणाली. मला वाईट वाटलं. मी श्रीरंगला फोन केला तर तो हसला. म्हणाला, "मावशी, तू अजून जुनीच आवृत्ती खेळवून राहिलीस? आता कोणी एवढं मारत नाही." त्याने नवं पुस्तक पाठवलं. मी आठवडाभर बसून ते निळ्या वहीत उतरवलं.

निळ्या वहीत जागेचा फासा नव्हता. आकृतीही नव्हती. प्रत्येकाची ताकद म्हणून एक आकडा, वार बसला की तो कमी करायचा. शून्य झाला तरी माणूस मरत नाही, पडतो. मग तीन वेळा फासा टाकायचा, सहसा उठतोच. आणि एक रात्र झोप मिळाली की सकाळी आकडा पूर्ववत.

मी दोन्ही वह्या मुलांपुढे ठेवल्या आणि हात वर करायला सांगितले. तिघांचे हात निळ्या वहीसाठी वर गेले. ओजूने लाल वहीवर बोट ठेवलं.

"का गं?" मी विचारलं.

"नवीन कागदावर जखम कुठे लिहायची?"

"लिहायचीच नाही. सकाळी भरून येते."

"आणि नाही भरली तर?"

"नियमच आहे ना तसा. भरते."

"तुला काय मार खायची हौस आहे का?" निषाद म्हणाला, आणि सगळे हसले. मीही हसले.

ओजू म्हणाली, एकटीने जुन्या कागदावर खेळले तर चालेल का? मी तिला समजावून सांगितलं की एका टेबलावर दोन नियम चालत नाहीत. मला वाटलं, लहान पोरांना सवयीची वस्तू सोडवत नाही, तसंच काही असेल. जुने कागद डब्यात गेले, डबा कपाटावर गेला.

निळ्या वहीचा पहिला आठवडा मुलांनी घर डोक्यावर घेतलं. मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं. आता दाराला कोणी कान लावेना, लाथ घालून आत शिरायची. चौथा शमशेर एकाच दुपारी चार वेळा पडला आणि चार वेळा उठला. शेवटच्या वेळी तर पडल्यापडल्याच त्याने राक्षसाच्या पोटरीचा लचका तोडला. गंगी चोराने चोरी सोडली आणि दोन्ही हातांत सुरे घेतले. पूर्वी ज्या पहारेकऱ्याला ती भाजलेल्या मांसाचा तुकडा टाकून चुकवायची, त्याची आता आतडी बाहेर काढून पुढे जायची. मी सांगत होते आणि ती मागत होती, अजून सांगा, बाई, अजून काय झालं.

दुसऱ्या आठवड्यात त्यांनी नावाडी मारला. नदी ओलांडून देणारा म्हातारा होता. रेहानच्या बोलण्यावर तो हसला, एवढंच. निषाद म्हणाला, वज्रदंत कुऱ्हाड घालतो. मी विचारलं, का? तो म्हणाला, हसला म्हणून. कुऱ्हाड खांद्यात रुतली, म्हाताऱ्याने वल्हं धरून ठेवलं, दुसऱ्या घावाला हात सुटला, आणि नाव प्रवाहात गरगरत गेली. नावाड्याला उठायचे तीन फासे नव्हते. ते फक्त यांना होते. मी तो नियम पुन्हा वाचून पाहिला. तसंच लिहिलेलं होतं.

पुढचा शुक्रवार जूनच्या पहिल्या आठवड्यातला. चौघं एका किल्ल्याच्या तळघरात होती. ओजूने कोणालाही न विचारता रानूकडून एक दार उघडवलं. आतून वटवाघळं आली, बाकी काही नाही.

"मला विचारल्याशिवाय उघडलं?" निषाद म्हणाला.

"उघडलं," ओजू म्हणाली.

"बाई, वज्रदंत रानूला मारतो. कुऱ्हाडीच्या दांड्याने."

मी म्हणाले, आपल्याच माणसाला? तो म्हणाला, नियमात बसत नाही का? मी वही पाहिली. बसत होतं. लाल वहीत असं कोणी केलं नसतं, कारण जखमी सोबती आठवडे-आठवडे ओढत न्यावा लागायचा. निषादने फासा टाकला. रानू पडली. ओजूने तीन वेळा फासा टाकला. रानू उठली.

"पुन्हा मारतो."

रेहान हसला. लीनाने "काय भो तू" म्हणून त्याला ढकललं. रानू पुन्हा पडली आणि पुन्हा उठली.

"पुन्हा."

आता कोणी हसलं नाही. मी म्हणाले, "निषाद, पुरे."

"काय झालं, बाई?" तो अगदी सहज म्हणाला. "उठते ना ती? मग काय झालं?"

ओजूने फासे बाजूला सरकवले. तिने कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने एक माणूस काढायला घेतला. पुढून एक, मागून एक, जुन्या कागदावर होता तसा. मग माझ्या टेबलावरची लाल पेन्सिल घेतली आणि पाठीवर एक खूण केली. त्याच्या खाली दुसरी. मग डाव्या दंडावर, कोपराच्या वर. मग मांडीवर.

"ओजू," मी म्हणाले, "जागेचा फासा तर आता नाही. तुला कसं कळलं कुठे लागलं?"

"इथेच लागतं," ती म्हणाली आणि खुणेशेजारी तारीख घालू लागली.

निषादने तो कागद पाहिला. त्याचा चेहरा उतरलेला मला दिसला, आणि त्यानंतर काय झालं ते मला नीट क्रमाने दिसलंच नाही. तो खुर्चीतून उठल्याचं आठवतं. त्याने तिचा दंड धरला, कोपराच्या वर, बरोबर खुणेच्या जागी, आणि दुसऱ्या हाताची मूठ पाठीत घातली. आवाज गादी झोडपल्यासारखा आला. ती पुढे गेली आणि तिची भुवई टेबलाच्या कडेवर आपटली. मी त्याचा हात धरेपर्यंत दुसरी मूठ बसली होती. मी तीस वर्षं शाळेच्या मैदानावर पोरांची भांडणं सोडवली आहेत. भांडणारं पोर आंधळं असतं, हात लागेल तिथे मारतं. हा बघून मारत होता.

रक्त निळ्या वहीवर सांडलं. लीना किंचाळली. रेहान भिंतीला चिकटून उभा राहिला.

ओजू उठली. कोणी हात देण्याआधी उठली, खुर्ची सरळ केली, आणि डोळ्यांत रक्त जात असताना मला म्हणाली, "उठले, बाई. काही नाही झालं."

निषाद बाहेर पायरीवर जाऊन बसला. लीनाने फोन करून ओजूच्या आईला, फेगडे सिस्टरांना, बोलावलं. मी ओजूची भुवई टॉवेलने दाबून धरली. तिने टॉवेलखालून विचारलं, "जुने कागद फेकले का हो तुम्ही?"

मी म्हणाले, नाही, कपाटावर आहेत. मग रेहानला डबा काढायला लावला.

ओजूचे पाच कागद होते. लाल वहीचे पाच आठवडे. रानू सगळ्यांच्या मागे उभी राहायची, त्यामुळे तिला फार कमी लागायचं. माझ्या समोर चार वेळा लागलेलं मला आठवत होतं. एकदा पावलावर, एकदा पंज्यावर, पोटात, कपाळावर. त्या चार खुणा होत्या. त्याखेरीज एकोणीस होत्या. एकोणीसच्या एकोणीस खुणा पाठ, दंड आणि मांडी यांवर. दहा बाजूंचा फासा इतका शहाणा नसतो. एकोणीस वेळा टाकला तर कुठेतरी गालावर जाणार, पंज्यावर जाणार, चारचौघांना दिसेल अशा जागी जाणारच.

आणि तारखा. मंगळवारच्या, गुरुवारच्या, रविवारच्या. ज्या दिवशी आम्ही खेळलोच नव्हतो.

मुलं खेळात लबाडी करतात हे मला माहीत होतं. कोणी जखम लपवली का, जखमेची तारीख मागची घातली का, हे मी बारकाईने बघायची. रानूच्या खुणा दर वेळी माझ्या आठवणीपेक्षा जास्त भरायच्या. मला वाटायचं, माझाच हिशेब चुकला असेल. स्वतःच्या तोट्याचं खोटं मूल कशाला लिहील? प्रत्येक लाल खुणेशेजारी माझी निळी टिक होती.

फेगडे सिस्टर अर्ध्या तासात आल्या, गणवेशातच. भुवई पाहिली, म्हणाल्या, "तीन टाके लागतील. घाबरू नको, बेटा." मग मला म्हणाल्या, "तुम्हाला त्रास झाला, बाई. भावंडांचं चालतंच असं घरात."

मी ते पाच कागद त्यांच्यापुढे ठेवले.

त्यांनी पहिला उचलला, खेळाचा कागद उचलावा तसा. मग त्यांची नजर थांबली.

"हे कोणी भरलं?"

"ओजूने."

"असाच कागद आमच्याकडे असतो," त्या म्हणाल्या. "मारहाणीची केस आली की भरतो आम्ही. पुढून, मागून." त्यांचं बोट एका खुणेवरून दुसऱ्या खुणेवर गेलं. "अठ्ठावीस एप्रिल. माझी दुपारची ड्युटी होती." पुढचा कागद. "तीन मे. दुपार. पाच मे, दुपार." नंतर त्या तारखा मोठ्याने वाचायच्या थांबल्या, पण कागद शेवटपर्यंत पाहिले.

त्या ओजूला घेऊन माझ्या आतल्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. कागद त्यांच्या हातात होते. रेहान आणि लीनाला मी घरी पाठवलं. दाराबाहेर मला त्यांचा आवाज येत होता, दवाखान्यातला असावा तसा, सपाट.

"हा?"

"हो."

"हा कुठला?"

"पट्ट्याचा."

"हा?"

"आता गेला तो. पण होता."

मी मोजलं. एकोणीस वेळा विचारलं त्यांनी.

बाहेर आल्या तेव्हा त्यांनी तोंड धुतलं होतं. सरळ पायरीवर गेल्या. निषाद उभा राहिला. मला वाटलं, आता मारतील, आणि माझा पाय पुढे पडलासुद्धा. त्यांचा हात वर गेला होता. तो तसाच थोडा वेळ राहिला आणि खाली आला.

"मम्मी, ती उठते लगेच," निषाद म्हणाला. "विचार तिला. काही होत नाही तिला."

"उद्या सकाळी पप्पा गाडीवरून येतील," सिस्टर म्हणाल्या. "हे कागद तू त्यांना वाचून दाखवायचे. कुठे मारलं, तारीख, आणि कशाने. सगळे. मी शेजारी बसणार आहे."

तेव्हा तो रडला. कूलर भरणारा, सतरंजी झटकणारा माझा कामाचा निषाद पायरीवर बसून रडला, आणि मी त्याच्याजवळ गेले नाही. मुलांना जवळ घ्यायचं हेच मी आयुष्यभर केलं. त्या दिवशी मला ते जमलं नाही. नंतर कितीतरी दिवस मी त्याचाही विचार करत राहिले. त्याने कागद वाचले, ओजूने सांगितलं. बारा मेपर्यंत आला आणि आवाज गेला, तर पप्पांनी पाणी दिलं आणि पुढे वाचायला लावलं. त्या जूनमध्ये तो यावलला आत्याकडे शिकायला गेला. सिस्टरांनी दुपारची ड्युटी सोडली.

तीन सोमवार आमचा खेळ बंद होता. चौथ्या सोमवारी दार वाजलं. रेहान, लीना आणि मध्ये ओजू. भुवईवर टाक्यांची रेघ. शाळा सुरू झालेल्या होत्या, तिघं दप्तरासकट आली होती. मी निळी वही काढायला गेले तर ओजू म्हणाली, "ती नको."

मी रेहानकडे पाहिलं. मरायचं तर त्यालाच होतं.

"लालच काढा, बाई," तो म्हणाला. "मी पाचवा शमशेर लिहून आणलाय. याला ढाल दिलीय."

मी लाल वही काढली, आकृती छापलेले कागद काढले आणि दहा बाजूंचा फासा टेबलाच्या मधोमध ठेवला. मुलं पुन्हा दाराला कान लावत, काठीने जमीन ठोकत निघाली. तासाभराने एका अरुंद जिन्यात त्यांच्यावर तिघांनी हल्ला केला. पुढे उभं राहायला आता वज्रदंत नव्हता. रानू पुढे होती.

"तलवार तुझ्याकडे येते," मी म्हणाले. "टाक."

पहिला फासा चारवर थांबला. ओजूने जागेचा फासा उचलला, ओंजळीत बराच वेळ घोळवला आणि सोडला. तो रेहानच्या पाण्याच्या बाटलीला आपटून परत आला.

"चेहरा," लीना म्हणाली. "अरे बापरे."

"गालावर," मी सांगितलं. "कानापासून ओठापर्यंत चीर. दात दिसतात आतले. रक्त मानेवरून आत चाललंय."

ओजूने लाल पेन्सिल घेतली. आकृतीच्या गालावर लांब रेघ ओढली, तारीख घातली, आणि कागद उचलून आधी रेहानला, मग लीनाला, मग मला दाखवला. तीनदा तरी दाखवला असेल.

खेळ संपल्यावर मी कागद तपासायला घेतला. सगळ्यात खाली सही करायची जागा होती. मी पेन थांबवलं.

"हा फासा टाकलेला आहे ना?"

"बाई," ती म्हणाली, "तुम्ही बघत होता की."

"हो," मी म्हणाले, आणि मग सही केली.